राजाला ठाऊक होतं का?

परवा घरातली मुलं कल्याणला बोलपट पाहून आली आणि ओट्यावर भांडत बसली. प्रेमाची गोष्ट, पुष्कळ गाणी आणि त्याहून पुष्कळ विनोद, असा तो बोलपट. एकाला नायिका आवडली, एकीला ती मुळीच आवडली नाही, तिसऱ्याचं म्हणणं असं की नायकापेक्षा त्याचा नोकरच बरा गातो. मला हसू आलं. तशी धाकटी म्हणाली, "आजी, तू तर बोलपट पाहिलाच नाहीस, तू कशाला हसतेस?" मी म्हटलं, अगं, मी एक अख्खं नाटक नुसत्या लोकांच्या मतांवर पाहिलं आहे, आणि तुम्हाला तुमचा बोलपट आठवतो आहे त्यापेक्षा मला ते अधिक पाठ आहे. मुलांना ते काही पटलं नाही. थापा मारते म्हणाली. म्हणून आज लिहायला बसले आहे.

ही गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरीची. संगीत नाटकं तेव्हा नवी होती आणि लोक त्यांच्यासाठी वेडे झाले होते. ठाण्याला आजच्यासारखी वस्ती नव्हती. नौपाडा म्हणजे भातशेतं आणि मधून मधून घरं, त्यांतलं एक आमचं. मी नुकती सासरी नांदायला आले होते. घरात माणसं चार. सासरे कचेरीत शिरस्तेदार होते. त्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे म्हणायची वेळ आलीच तर. त्यांच्यासमोर मान वर करण्याची आमची कोणाची छाती नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आमचे हे मुंबईला कॉलेजात जाऊन येऊन होते. आणि घर चालवायच्या त्या आत्याबाई, मामंजींची धाकटी बहीण.

आत्याबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. लाल आलवण, डोईवरून ओढलेला पदर, आणि जायच्या जागा मोजक्या: विहीर, देऊळ, कीर्तन, पुराण. पण बाई मोठी रसाची! जात्यावर बसल्या की असं गायच्या की मी दळण संपू नये म्हणून मुद्दाम हळू दळायची. एकदा कानावर पडलेली चाल त्या विसरत नसत. आणि हसणं तर विचारू नका. हसू आलं की पदर तोंडात कोंबायच्या आणि खांदे गदगदा हलायचे, आवाज मात्र नाही. त्यांचं हसू मी किती वेळा पाहिलं होतं, पण ऐकलं एकदाही नव्हतं.

त्या वर्षी शिमगा झाला आणि एक नाटक कंपनी ठाण्याला आली. तळ्याजवळच्या मैदानात मांडव पडला, कनाती लागल्या. बैलगाडीतून ताशा वाजवत जाहिराती वाटल्या गेल्या. त्यांत खाली ठळक छापलं होतं की स्त्रियांच्या बसण्याची स्वतंत्र सोय केली आहे. मी ती जाहिरात आत्याबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "तू जाशील. नीट बघ. आणि येताना सगळं नाटक माझ्यासाठी घेऊन ये, गाण्यांसकट." मला काय, मी आनंदाने हो म्हटलं.

पण आमच्याकडची रीत वेगळी होती. पहिला प्रयोग पुरुषांनी पाहायचा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी ओट्यावर बसून पानसुपारी खात खात ठरवायचं की हे नाटक घरच्या बायकांनी पाहण्याजोगं आहे की नाही. म्हणजे आंबा आधी यांनी खायचा, आणि गोड निघाला तर साल आम्हाला! आमच्या आळीत हा निवाडा व्हायचा आमच्याच ओट्यावर, आणि शेवटचा शब्द असायचा मामंजींचा.

त्या सकाळी मी आणि आत्याबाई माजघराच्या खिडकीआड भाजी निवडत बसलो होतो. भाजी कसली निवडतो! कान सगळे बाहेर. शेजारचे वकील आधी बोलले. त्यांना गाणी आवडली, पडदे आवडले, गोष्ट मात्र बिलकूल आवडली नाही.

गोष्ट अशी होती. एका राजाच्या मुलीला वीणा शिकवायला गुरू हवा असतो. तिच्यावर मन बसलेला एक राजपुत्र गुरू म्हणून वाड्यात शिरतो, पण त्याला वीणा कशाशी खातात हे ठाऊक नसतं. राजकन्येला वीणा उत्तम येत असते. पहिल्याच दिवशी ती ओळखते की ह्या गुरुजींना सा कुठला तेही कळत नाही. ओळखते आणि गप्प बसते. मग रोज ती शिष्या होऊन गुरूलाच शिकवते. आणि राजा मध्येच ऐकायला आला की गुरुजी चुकीचं वाजवतात आणि शिष्या "असंच ना गुरुजी?" म्हणत तेच बरोबर गाऊन दाखवते. ह्या जागेवर एक पद होतं. एक ओळ त्याची चुकलेली, एक तिची बरोबर. त्या पदाला लोकांनी इतक्यांदा वन्समोअर दिला की नायिकेचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसायची वेळ आली. पद संपलं की राजा उठून जातो, आणि शेवटी तोच हसत त्या दोघांचं लग्न लावून देतो.

"फसवणूक करून मिळवलेली नोकरी," वकील म्हणाले, "करारच मुळात रद्द! आणि तो राजा शुद्ध मूर्ख. रोज समोर बेसूर वाजतंय आणि ह्याला पत्ता नाही. पहिल्याच दिवशी त्या पोराला कैदेत घालायला हवा होता."

आमचे हे कधी वडिलांदेखत बोलायचे नाहीत, पण नाटकाचा अंमल उतरला नव्हता. म्हणाले, "राजाला कळलं होतं की नव्हतं, ते नाटककाराने सांगितलेलंच नाही. राहून गेलं असावं."

मग सगळे मामंजींकडे वळले. मामंजींनी पान जुळवलं, चुना लावला, आणि म्हणाले, "पदं बरी आहेत." मग पान तोंडात घातलं आणि म्हणाले, "इतरांचं इतरांनी पाहावं. आमच्या घरच्या बायका जायच्या नाहीत."

झालं. मला असा राग आला म्हणून सांगू! कोठीच्या खोलीत जाऊन तांदळाच्या कणगीला टेकून रडले. आत्याबाई मागोमाग आल्या. म्हणाल्या, "थांब, मी दादाला सांगते." गेल्या आणि तशाच परत आल्या. दादाने नाही म्हटलं होतं, आणि दादाचं नाही म्हणजे कचेरीचा शिक्का. राग ह्याचा अधिक की ह्यांनीच मला नंतर खोलीत सांगितलं, प्रयोगात मामंजी पुढच्या रांगेत बसले होते आणि त्या पदाच्या वेळी त्यांची पगडी सारखी हलत होती. हसत होते! आवाज नाही, नुसती पगडी. बहीणभावाचं हसणं एकच. स्वतः पगडी हलेपर्यंत हसायचं आणि आम्हाला म्हणायचं जायचं नाही.

मी रुसून बसले, पण आत्याबाई रुसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नाटक गोळा करायला घेतलं. जो कोणी पाहून येईल त्याला गाठायचं आणि विचारायचं, "कसं होतं? मग पुढे?"

शेजारच्या वकिलीणबाई दुसऱ्या प्रयोगाला छकड्यातून मिरवत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीकुंकवाला आल्यासारख्या नटून आमच्याकडे सांगायला आल्या. त्यांचं सगळं नाटक म्हणजे नायिकेचा शालू आणि नथ. "पुरुष हो, पण पदर असा सावरतो की आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही." आत्याबाईंनी विचारलं, राजाला ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "राजा कुठे बसला होता तेच आम्हाला दिसत नव्हतं. बायकांना बसवलं होतं एका बाजूला चिकाच्या पडद्याआड. अर्धा रंगमंच आमचा, अर्धा देवाचा."

कळव्याहून होडीने खाडी ओलांडून एक आगरीण आमच्याकडे भाजी घेऊन यायची. तिचा नवरा मिठागरावर कामाला, आणि मांडव उभा करायला गेला होता तोही. तिने नाटक कनातीच्या फटीतून पाहिलं होतं, तेही रोज. मागच्या पडवीत टोपली उतरवून तिने आम्हाला राजाचं काम अख्खं करून दाखवलं. दाढीवरून हात फिरवत तिरप्या डोळ्यांनी बघणारा राजा. आत्याबाईंनी तिलाही तोच प्रश्न केला. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "राजा काय येरा हाय? त्याना सगला ठावा व्हता. पोरीचा बापूस हाय न तो!"

आत्याबाईंना हे उत्तर फार आवडलं. पुढे भाजी निवडताना, फुलवाती वळताना त्यांचं तेच चालायचं. राजाला ठाऊक असेल तर तो त्या जागी उठून का जातो? ठाऊक नसेल तर शेवटी हसतो कशाला? रोज एक नवं मत यायचं आणि त्या ते तपासून बाजूला ठेवायच्या. ह्या प्रश्नापायी माझाही एक फायदा झाला, तो सांगायलाच हवा. आत्याबाईंच्या वतीने मी ह्यांना विचारायला लागले आणि हे सांगायला लागले. तोवर आमचं बोलणं बहुतेक हो, नाही, पाणी ठेवलंय, इतकंच असायचं. त्या राजाच्या निमित्ताने आम्ही एकमेकांशी भांडू लागलो, आणि तिथून पुढे आयुष्यभर आमचं बोलणं कधी आटलं नाही. त्या नाटकाचं हे ऋण मी मानते.

गोष्ट अशी पुरी जमली. पण ते पद काही जमेना. ज्याला त्याला विचारलं. वकील गुणगुणत असत, पण ते काहीही गुणगुणोत, ऐकायला एकच लागायचं. ह्यांचा गळा तर असा की चुकलेली ओळ कुठली आणि बरोबर कुठली हे ह्यांचं ह्यांनाच सांगता येईना. भाजीवाली म्हणाली, "ता मना नय यायाचा, बाय. ता आयकाचाच लागतं." एका दुपारी आत्याबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "गोष्ट सगळी मिळाली गं. गाणं नाही मिळालं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मला मात्र ते जिव्हारी लागलं. दोन दिवसांनी कंपनी मांडव आवरून मुंबईला जाणार होती. ज्या बाईला एकदा ऐकून चाल पाठ व्हायची, तिला ती एकदा ऐकायला मिळणार नव्हती.

मी ह्यांच्या मागे लागले. काहीतरी करा. हे म्हणाले, करू काय? आत्याला नाटकाला नेऊ? गाव वाळीत टाकील. मग त्यांना एकदम एक आठवलं. कल्याणचे एक कीर्तनकार बुवा होते, नाटकांना कीर्तनात नावं ठेवायचे. त्या बुवांना ह्यांनी मांडवात पाहिलं होतं, मागच्या बाजूला, उपरण्याने डोकं, कान, अर्धं तोंड गुंडाळून बसलेले. आणि हेच बुवा रामनवमीच्या उत्सवात ठाण्याला कीर्तनाला येणार होते. कीर्तनाला तर आत्याबाई जाऊ शकत होत्या!

हे आगगाडीने कल्याणला गेले. बुवांनी आधी कानांवर हात ठेवले. नाटक? छे छे, आम्ही कधी पाहत नाही. ह्यांनी उपरण्याचा रंग सांगितला तेव्हा बुवांनी कानांवरचे हात खाली घेतले आणि म्हणाले, "बरं, बघू." बस, त्यापलीकडे शब्द नाही. हे परत आले ते तोंड पाडून. आम्ही आत्याबाईंना यातलं काही सांगितलं नाही. उगाच आशा कशाला लावा.

कीर्तन तिसऱ्या प्रहरी होतं. रामाचं देऊळ गच्च भरलेलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. आत्याबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे खांबाला टेकून, मी त्यांच्या पुढे. वकिलीणबाई माझ्या शेजारी, नव्या खणाच्या चोळीत. मामंजी उत्सवाचे यजमान, म्हणून बुवांच्या अगदी समोर.

बुवांनी पूर्वरंगाला विषय घेतला, गुरू कोण आणि शिष्य कोण. ज्ञान ज्याच्यापाशी तो गुरू, मग तो वयाने, मानाने कोणीही असो. छान रंगवलं. मी तेव्हाच सावरून बसले. बुक्का लावून झाला, बुवांनी उपरणं कंबरेला बांधलं, झांज थांबवली आणि म्हणाले, "कोणे एके काळी एका राजाला एक कन्या होती. तिला वीणा शिकायची होती."

कोणत्या पुराणात आहे ही कथा? कुठल्याच नाही. पण बुवांनी राजाला एक वंश दिला, नगरीला नाव दिलं, मध्ये नारदाला आणून उभं केलं, आणि बघता बघता त्याचं पुराण करून टाकलं. ज्या ज्या पुरुषांनी नाटक पाहिलं होतं ते एकमेकांकडे बघायला लागले. बोलणार कोण? बोललं तर बुवांचं बिंग फुटायचं, पण भर कीर्तनात देवासमोर नाटकाचं नाव आधी बोलणाऱ्यानेच काढलं असं व्हायचं.

आणि मग ते पद आलं. बुवांनी तोंडानेच वीणा वाजवली. आधी राजपुत्राची ओळ. काय सांगू, सूर असा घसरला की पायरीवरून पाय सुटावा. लगेच मान वळवून, डोळे मिटून राजकन्येची ओळ, सुरेल, नितळ. पुन्हा त्याची चुकलेली. पुन्हा तिची, "असंच ना गुरुजी?"

आणि माझ्या मागून हसू आलं.

मोठं, मोकळं, लहान मुलीसारखं खळखळतं हसू. मी वळून पाहिलं तर आत्याबाई! पदर हातातच राहिला होता, तोंडापर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नव्हता. डोक्यावरचा पदर मागे सरलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसते आहे. बुवा थांबले. मृदंग थांबला. सगळं देऊळ मागे वळून बघायला लागलं. लाल आलवणातली विधवा, देवळात, पुरुषांच्या देखत असं हसते! वकिलीणबाई फिस्कारल्या, "अगं बाई, लाज कशी वाटत नाही!" आत्याबाईंचं हसू तोंडावरच गोठलं. त्या पदर शोधायला लागल्या आणि त्यांना तो सापडेना. मला वाटलं, ही बाई आता पुन्हा देवळाची पायरी चढायची नाही.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने आवाज आला, "वन्समोअर!"

देवळात! कीर्तनात! आरोळी अशी की घंटा वाजेल. सगळी डोकी तिकडे फिरली. मामंजी उभे होते. कचेरीबाहेर ज्यांनी कधी आवाज चढवला नाही ते आमचे मामंजी, पगडी सावरून, ताठ उभे राहून, देवासमोर पुन्हा ओरडले, "बुवा, वन्समोअर!"

मग कोणीतरी फसकन हसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. आता हसणाऱ्या आत्याबाई एकट्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. बुवांनी मामंजींना वाकून नमस्कार केला आणि ते पद पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. आत्याबाईंना त्यांचा पदर सापडला होता. पण त्यांनी तो तोंडात कोंबला नाही. मांडीवर ठेवून, मान थोडी कलती करून त्या ऐकत होत्या.

घरी आल्यावर हे मला म्हणाले, "अगं, बुवा आख्यान कोणतं लावणार ते यजमानांना आधी विचारून ठरवतात. यजमान तर वडीलच." मग म्हणाले, "आईसुद्धा कधी नाटकाला गेली नाही. वडील म्हणायचे, सगळ्या गेल्या तर माझ्या बहिणीने काय दारात बसून छकडे बघायचे?"

मी त्या माणसावर किती चरफडले होते! ज्या जागी बहिणीला जाता येत नाही, तिथे त्यांनी घरातल्या एकाही बाईला जाऊ दिलं नव्हतं. आमचा रुसवा, आमचा राग त्यांनी सोसला, पण ती घरात एकटी मागे राहिली असं होऊ दिलं नाही. आणि तिला हवं ते मिळायची वेळ आली तेव्हा साऱ्या गावासमोर स्वतःचं हसं करून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या पानात वाढताना तूप जरा सढळ सोडायला लागले. त्यांना ते कळलं असावं, पण तेही ते कधी बोलले नाहीत. आज तेही नाहीत आणि आत्याबाईही नाहीत. मला सासर असं मिळालं हे माझं भाग्य, दुसरं काय म्हणू?

गावाने मात्र मामंजींना सोडलं नाही. कोण म्हणे शिरस्तेदारांना भ्रम झाला, कोण म्हणे नाटकाने चांगली माणसं बिघडतात ती अशी. मामंजींनी कोणाला एका शब्दाने खुलासा दिला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी पुढच्या पडवीत पापड लाटत बसलो होतो. आत्याबाई ते पद गुणगुणत होत्या, चुकलेली ओळ चुकलेली आणि बरोबर ओळ बरोबर, दोन्ही तंतोतंत. मामंजी कचेरीला निघाले. समोरच्या ओट्यावरून वकील ओरडले, "काय रावसाहेब, वन्समोअर!" मामंजींनी मान न वळवता छत्री उघडली आणि चालू लागले. आत्याबाईंचं लाटणं थांबलं. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, साऱ्या गावाची मतं तुम्ही गोळा केलीत. तुमचं मत राहिलं. ठाऊक होतं का हो?"

"पहिल्या दिवसापासून," त्या वळणाकडेच बघत म्हणाल्या.

"राजाला?"

"हो," त्या म्हणाल्या, "राजालाही," आणि त्यांनी पुढची लाटी पोळपाटावर घेतली.